बेने इस्राएलांची उपासना

कुलाबा जिल्ह्यांत पूर्वीं तेलाचे घाणे चालविणाऱ्या कांहीं कुटुंबांस गांवकरी ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. हेच बेने इस्राएल लोक. त्यांच्यापाशीं धर्मग्रंथाची गुंडाळी नव्हती, प्रार्थनेचें पुस्तक नव्हतें, प्रार्थनामंदिरहि नव्हतें. सुंता, शब्बाथाचा विसावा, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि देवाचें एकत्व सांगणारा ‘शेमा’, एवढ्या पुंजीवर त्यांनीं आपला धर्म शतकानुशतकें जतन केला. लग्न असो कीं मयत, म्हणावयाचा तो शेमाच. नवस फिटला म्हणजे घरींच ‘मलिदा’ होई. पोहे, गोड, खोबरें व फळें तबकांत मांडून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचें स्मरण करीत. त्याचा रथ येथें उतरला, असें सांगून अलिबागेजवळील खंडाळा गांवीं खडकावरील खुणा आजहि दाखवितात.

मुंबईस आल्यावर त्यांना मंदिरांतील उपासना लाभली. शमुवेल यहेज्केल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मांडवी भागांत पहिलें सिनेगॉग बांधलें. टिपूच्या कैदेंतून सुटल्याची ती कृतज्ञता होय, अशी परंपरा आहे. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं सेफार्दी पद्धतीच्या हिब्रू प्रार्थना शिकविल्या. हिब्रू भाषेच्या अध्ययनास मात्र हातभार लागला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांचा! जॉन विल्सन यांनीं त्यासाठीं मराठींत व्याकरण लिहिलें. हेतु धर्मांतराचा, फळ मात्र सिनेगॉगच्या पदरांत पडलें. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हग्गादा’ १८४६ त मराठी अर्थासह छापली गेली.

याच सुमारास बगदादी यहुदी मुंबईंत स्थिरावले. डेव्हिड ससून यांनीं भायखळ्यास १८६१ त भव्य मंदिर उभारलें. दोन्ही समाजांच्या प्रार्थनांत फारसें अंतर नव्हतें. अंतर होतें तें मनांत. बेने इस्राएलांच्या कुळाविषयीं शंका घेऊन कित्येक बगदादी, सामुदायिक प्रार्थनेस लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांची गणना करावयास कचरत. शेमावर पिढ्यान् पिढ्या तगलेल्या लोकांस ही वागणूक किती झोंबली असेल!

उपासनेची आणखी एक तऱ्हा लंडनहून आली. तेथें वैद्यकीचें शिक्षण घेतलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनीं १९२५ त मुंबईंत उदारमतवादी ‘ज्युइश रिलिजस युनियन’ स्थापिली. स्त्रीपुरुषांनीं एकत्र बसावें, समजेल अशा भाषेंतहि प्रार्थना व्हावी, हा तिचा आग्रह. जुन्या मंडळींना तें रुचलें नाहीं. पण ज्या समाजांत घरची उपासना बायकांच्या हातांवर टिकली, त्यास ही सुधारणा अगदींच परकी म्हणतां येत नाहीं.

१९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्राएलांत गेले. तेथें धर्माधिकाऱ्यांनीं विवाहप्रसंगीं पुन्हां कुळाचा प्रश्न काढला. चळवळ होऊन १९६४ त, ते सर्वतोपरी यहुदीच आहेत, असा निर्वाळा मिळाला. आणि तेथील कित्येक मराठी घरांत नवस फेडतांना मलिद्याचें तबक अजूनहि मांडलें जातें.