डब्यावर छापायला बंदी असलेल्या चार ओळी

परवा माळा आवरताना पत्र्याचा एक रिकामा डबा हाताला लागला. दीड-दोन किलो काकवी मावेल एवढा. बायको म्हणाली, "भंगारात टाक." मी म्हटलं, थांब, याच्यावर एक लेख होतो. तर मंडळी, या वीकेंडचा विषय : डब्यातली बिअर.

डबा कूपर्स या ऑस्ट्रेलियन कंपनीचा. आत होतं १.७ किलो माल्ट एक्स्ट्रॅक्ट. म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा काढा, हॉप्सचा कडवटपणा घालून काकवीसारखा आटवलेला. मिलवॉकीला ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. टीममधला साठीचा एक सीनियर आपल्या बेसमेंटमध्ये अशी बिअर करायचा, रोज संध्याकाळी एक ग्लास घ्यायला. कौतुकाची, महागातली वगैरे नाही हो, अगदी वरणभातासारखी बिअर. डबा गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर टाकायची, गार पाणी ओतून २३ लिटर करायचं, वर झाकणाखाली मिळालेली यीस्टची पुडी भुरभुरायची. झालं! आठवड्याभराने बाटल्या भरायच्या. ३५५ मिलीच्या साठ-पासष्ट बाटल्या निघतात. चव? ठीक. साखर जास्त झाली की सफरचंदाच्या आंबूस रसासारखी लागते.

एका रविवारी त्याने मला आजीची रेसिपीची वही दाखवली. केक, लोणची, मुरंबे, आणि मध्येच एक पान बिनशीर्षकाचं. एक डबा सिरप, साखर, पाच गॅलन पाणी, पावाचं यीस्ट. पुढे फक्त 'फेस बसला की भरणे'. दिवस नाहीत, माप नाही, काही नाही. मी विचारलं, शीर्षक का नाही? तो म्हणाला, "१९२७ साल होतं."

आता थोडा इतिहास. अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला सुरू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला संपली. तिची अंमलबजावणी व्होल्स्टेड कायद्याने व्हायची. अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल म्हणजे दारू. ब्रुअरीजचं दिवाळंच निघायचं, पण त्यांच्याकडे माल्ट करायची यंत्रं होती. माल्ट सिरपमध्ये अल्कोहोल शून्य, म्हणजे विकायला मोकळे! बडवायझरवाल्या अनहायझर-बुशनेही डबे काढले. पिओरियाच्या प्रीमियर कंपनीचं 'ब्लू रिबन माल्ट एक्स्ट्रॅक्ट' किराणा दुकानांत धडाक्याने खपत होतं. हीच कंपनी पुढे मिलवॉकीच्या पाब्स्टमध्ये विलीन झाली. जाहिरात काय, तर पाव आणि मिठाईसाठी उत्तम. हॉप्स घातलेल्या कडू सिरपची मिठाई! सगळ्यांना सगळं कळत होतं. :)

कायदा वाचायला घेतला (आमच्या खात्यात लायसन्स अ‍ॅग्रीमेंट शेवटपर्यंत वाचणारा मी एकटाच) तर दोन कलमं भेटली. कलम २५ म्हणतं, राहत्या घराची झडती घ्यायला वॉरंट मिळणार नाही, तिथे दारूची विक्री वगैरे चालली असेल तरच. म्हणजे बेसमेंटमध्ये चुपचाप करत बसलात तर कोणी येणार नाही. कलम १८ मात्र भारी आहे. बेकायदा दारू करण्याच्या हेतूने विकलेलं सामान तर बंद, पण कृती आणि सूचनासुद्धा बंद. डबा चालेल, डब्यावरच्या चार ओळी चालणार नाहीत. आपल्या भाषेत, सॉफ्टवेअर शिप करा, डॉक्युमेंटेशन केलंत तर गुन्हा.

मग ज्ञान तोंडोतोंडी फिरलं, शेजारीण ते शेजारीण. आणि तोंडोतोंडी फिरताना नेमके आकडेच गळतात. इथे आकडा फार महत्त्वाचा. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. साखर संपायच्या आत बाटलीला बूच मारलं की वायू कुठे जाणार? फेस बसणं ही काही खूण नव्हे, बेसमेंट थंड पडलं तरी फेस बसतो. खरी खूण हायड्रोमीटरची. सुरुवातीला १.०४० च्या आसपास, शेवटी १.०१० च्या जवळ, आणि दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भरायच्या. मग लिटरला साधारण ८ ग्रॅम साखर, तीही मोजून.

त्या आजीकडे हायड्रोमीटर नव्हता. एका रात्री फळीवरची बाटली तिच्या हातात फुटली. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. डॉक्टरला काय सांगितलं? मुरंब्याची बरणी फुटली म्हणून. हे सांगताना आमचा सीनियर हसला, पण जरा उशिराने.

दारूबंदी दारू पिणाऱ्यांना त्रास देते वगैरे चर्चा खूप झाली आहे, तिच्यात मी पडत नाही. मला खटकतं ते कलम १८. वस्तू बाजारात आहे हे सरकारला माहीत, घराघरात काय चाललंय तेही माहीत, आणि बंदी कशावर, तर ती नीट कशी वापरायची हे सांगण्यावर.

बरं, १९३३ नंतर तरी सुटका? नाही. घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, घरगुती बिअरला नाही. ब्रिटनने घरी बिअर करायला लागणारं लायसन्स १९६३ मध्ये काढून टाकलं. अमेरिकेत सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांनी विषय लावून धरला आणि १४ ऑक्टोबर १९७८ ला अध्यक्ष कार्टर यांनी सही केली : एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. त्याच डिसेंबरात बोल्डरमध्ये चार्ली पपाझियन यांनी होमब्रुअर्सचं मासिक काढलं. बघा, परवानगी मिळाल्याबरोबर पहिली गोष्ट काय आली, तर डॉक्युमेंटेशन. कॅलिफोर्नियात होमब्रू सामानाचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी पुढे सिएरा नेव्हाडा ब्रुअरी काढली. आज आपण पुण्यात क्राफ्ट बिअर क्राफ्ट बिअर करतो, तिचं मूळ अशा बेसमेंट्समध्ये आहे. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं मात्र २०१३ पर्यंत अडून होती.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं राहू दे, आपल्याकडे काय? आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. त्यातही दारूची नुसती वाखाणणी करणं गुन्हा होतं! फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराच भाग राखला, पण वाखाणणीवरची बंदी भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केली. हा लेख मी बिनधास्त लिहू शकतो त्यात बलसारांचा थोडा वाटा आहे.

करायला मात्र परवानगी नाही. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर करणं आजही गुन्हाच आहे. त्यामुळे कृपया मेल करून 'डबा कुठे मिळेल' असं विचारू नका. मी सांगणार नाही, करतही नाही.

डबा तेवढा ठेवला आहे. बायकोने त्यात कढीपत्त्याचं रोप लावलंय. लेबल अजून शाबूत आहे, आणि पाणी घालताना वाचता येतं : दिवस किती, तापमान किती, बाटली कधी भरायची.