जे मागे राहिले

विश्वासघात म्हटला की यहुदाची तीस नाणी आपल्याला आठवतात. परंतु त्या रात्री गेथशेमनीच्या बागेतून बाकीचे शिष्यही पळाले होते, आणि त्यांच्या पळण्याला तो शब्द लावण्यास आपण कचरतो. सोडून जाण्याचा हा सौम्य प्रकार आपल्याच रायगड जिल्ह्यात घडून गेला आहे.

करंजाड्याहून पेण, अलिबाग करीत रेवदंड्यास आले की नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पोर्तुगीज चौलचे अवशेष दिसू लागतात. १५२१ साली पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधावयास घेतला. पुढे फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेज्वीट अशा संघांनी मठ व चर्चे उभारली. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. त्या दिवसांत ख्रिस्ती असणे म्हणजे राज्यकर्त्यांच्या छायेत असणे होते. धर्मप्रसारात सत्तेचा दाबही होता, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अशा छायेत कोणाची श्रद्धा किती खोल गेली, हे कसे कळावे?

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी तहाने चौलही मराठ्यांच्या हवाली झाले. अधिकारी गेले, धनिक गेले, मठ ओस पडले. मागे राहिले ते गरीब कष्टकरी, ज्यांना बाप्तिस्मा देणाऱ्यांनी बरोबर नेले नाही. छळाची सोयीस्कर कथा येथे रचण्याचे कारण नाही. वसईच्या शरणागतीच्या करारात ख्रिस्ती प्रजेच्या उपासनेला मुभा होती, आणि तेथे गोव्याच्या एतद्देशीय धर्मगुरूंनी पुढे मेंढरांची काळजी वाहिली. पण ख्रिस्ती राहण्याचा ऐहिक लाभ मात्र संपला होता. कोणी मुकाट्याने धर्म सोडला असता तर त्याला जाब विचारणारा राजा उरला नव्हता. माझ्या मते चौलच्या श्रद्धेची खरी कसोटी तेव्हा सुरू झाली. आधीची दोनशे वर्षे तिच्या मानाने सोपी होती.

ही माणसे कोर्लई डोंगराच्या पायथ्याशी वसली. चहूकडे मराठी मुलूख. त्यांनी मराठीही आपलीशी केली. तरी घरात पोर्तुगीज व मराठीच्या मिलाफातून घडलेली आपली बोली त्यांनी टिकविली. तिला ते 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्वानांना भाषेचे नवल वाटले, ते योग्यच. परंतु ती बोली ज्या घरांत जगली, ती घरे चर्चभोवती एकत्र राहिली म्हणूनच जगली, हे आपल्या लोकांनी विसरू नये.

पळालेल्या पेत्राला प्रभूने परत बोलाविले, तसे चौल सोडून गेलेल्यांचेही अंतःकरण तोच जाणतो. त्यांचा न्याय आपण करू नये. मात्र कोर्लईस गेलात तर आधी किल्ल्यावर चढा. तेथे जिंकणाऱ्यांचे चर्च आहे, छप्पर नसलेले. मग खाली गावात या. कार्मेल मातेच्या चर्चमध्ये मिस्सा आता मराठीत होते, आणि मिस्सा संपल्यावर अंगणात 'नो लिंग' ऐकू येते.