गुडघ्यापासून १२७ पर्यंत : कीबोर्डच्या आवाजाचा तोल

आजच्या भागात अशा एका कामाचा इतिहास सांगतोय, जे नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कीबोर्डवर एक बटण दाबलं की पियानो जाऊन बासरी येते, दुसरं दाबलं की स्ट्रिंग्ज. आवाज बदलला तरी पातळी सारखी राहावी, एवढीच अपेक्षा. पण तसं आपोआप होत नाही. पियानो गायकाच्या मागे बरोबर बसलेला असतो, स्ट्रिंग्ज एकदम अंगावर येतात आणि बासरी टाळांच्या गजरात हरवते.

मी कुरुळीत राहतो. पुणे-नाशिक महामार्गावर, मोशी आणि चाकणच्या मधे. इकडे कारखाने, तिकडे जवळच आळंदी. त्यामुळे आमच्याकडे हरिनाम सप्ताहही होतो आणि गणपतीत ऑर्केस्ट्राही. दोन्हीकडे हल्ली कीबोर्ड दिसतो. ऑर्केस्ट्रात पातळी चुकली तर गाण्याची मजा जाते. भजनात चुकली तर अभंगाचा शब्दच ऐकू येत नाही, आणि शब्द नाही म्हटल्यावर उरलं काय? म्हणून हा विषय मला फक्त बटणांचा वाटत नाही.

सुरुवात विजेच्या खूप आधीची आहे. १८४० मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायपेटी होती. तिच्यात एक खास खुंटी असे. ती ओढली की भात्याची हवा साठवणीच्या कप्प्यात न जाता थेट सुरांकडे जाई, आणि पायाचा दाब हाच आवाजाचा लहान-मोठेपणा होई. आपल्याकडची हातपेटी बघा. तिच्यातही खर्ज, नर, मादी असे सुरांचे वेगवेगळे संच असतात. खर्जाची पट्टी मोठी, तिला हवा जास्त लागते आणि ती बोलायला जरा वेळ घेते. हे संच एकमेकांना झाकणार नाहीत असे बसवणं हे कारागिराचं काम. म्हणजे तोल पेटीत अर्धा कारागीर घालायचा, उरलेला अर्धा वादकाचा डावा हात भात्यावर सांभाळायचा.

मराठी संगीत रंगभूमीवर ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांचं संगीत होतं. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक. १९१३ मध्ये बालगंधर्वांबरोबर गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणाऱ्यांत तेही होते. पुढे नाटकाच्या साथीला पायाने भाता चालवायचा ऑर्गन आला. अशा ऑर्गनला समोर वेगवेगळ्या आवाजांच्या खुंट्या असत आणि खाली गुडघ्याने बाजूला रेटायची दांडी. दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय भात्यावर, मग आवाज कमी-जास्त करायला उरला कोण? गुडघा! त्या काळात सुरुवातीला मायक्रोफोन नव्हता. नट उघड्या गळ्याने गाणार आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणार. साथीदाराने खुंटी बदलली की त्याच क्षणी गुडघ्याने आवाज सावरायचा. कानावर भरवसा, दुसरं काही नाही.

आता गंमत ऐका. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी क्लॅव्हिओलिन हे विजेवरचं छोटं कळवाद्य बनवलं. एका वेळी एकच सूर, आवाज बदलायला खटके, आणि आवाजाच्या पातळीसाठी पुन्हा गुडघ्याची दांडी! हेच वाद्य मुंबईत कल्याणजींच्या हाती होतं. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन आठवते ना? संगीतकार हेमंतकुमार, आणि ती बीन क्लॅव्हिओलिनवर कल्याणजींनी वाजवलेली. पुढे १९७० च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात मिनीमूग आणला. पण स्टुडिओत एक सोय होती. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसलेला. त्याच्या हातात प्रत्येक वाद्याची पातळी. वादकाचं निम्मं ओझं तिथे उतरलं.

मग आलं १९८३. यामाहाचा डीएक्स-७ बाजारात आला. आत ३२ आवाज साठवलेले, बटण दाबा की हजर. पण प्रत्येक आवाजाची स्वतंत्र पातळी ठरवणारं सोपं बटण त्यात नव्हतं. आवाज घडवणारे जे ऑपरेटर, त्यांतले प्रत्यक्ष ऐकू येणारे शोधून त्यांचे आकडे बदलावे लागत. त्याच वर्षी मिडी हा करार झाला. त्यात गुडघ्याच्या जागी आकडा आला, ० ते १२७. सात नंबरचा कंट्रोलर म्हणजे त्या आवाजाची मूळ पातळी, अकरा नंबरचा म्हणजे वाजवताना होणारा चढ-उतार. कारागीर आणि वादक यांची जुनी वाटणी इथे दोन आकड्यांत आली.

पण आकडा सारखा म्हणजे आवाज सारखा नव्हे. मिडीच्या शिफारशीप्रमाणे १२७ चे ६४ केले तर पातळी सुमारे १२ डेसिबलने उतरते. निम्मा आकडा म्हणजे निम्मा आवाज, असं काही नाही. शिवाय कान. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की कानाला सगळे सूर सारखे ऐकू येत नाहीत. खर्ज कमी जाणवतो, तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज जास्त टोचतो. आणि हा फरक एकूण आवाज लहान असताना वाढतो. म्हणून घरी हेडफोनवर हळू आवाजात जमवलेला तोल मंडपात मोठ्या स्पीकरवर मोडतो. १९९१ मध्ये जनरल मिडीने १२८ आवाजांची नावं आणि क्रमांक ठरवले. पण कोणता आवाज किती मोठा, हे त्या यादीत नव्हतं.

मंडपात आणखी एक माणूस असतो, साउंडवाला. त्याच्या मिक्सरवर अख्खा कीबोर्ड म्हणजे एकच दांडी. स्ट्रिंग्ज अंगावर आल्या की तो ती खाली ओढतो, आणि पुढची बासरी मरते. त्यात २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. कुरुळीसारख्या ठिकाणी वस्ती आणि कारखाने शेजारी-शेजारी. ही मर्यादा ठरावीक वेळेतल्या सरासरी पातळीची, आणि त्या सरासरीत तुमचा सगळ्यात मोठा आवाजच जड पडणार. तो एक उतरवला नाही तर बाकीच्या सगळ्यांना शिक्षा.

म्हणून वाजवणाऱ्या मंडळींसाठी चार गोष्टी. सगळ्यात बारीक आवाज पाया धरा आणि बाकीचे त्याच्यापर्यंत खाली आणा. बारीकाला वर ढकलू नका. कार्यक्रमात जितक्या जोरात बोट पडतं, तितक्याच जोरात तपासा. दोन सारख्या पातळीचे आवाज एकत्र वाजले की साधारण तीन डेसिबल वाढतात, तेवढी जागा ठेवा. मिक्सरला एकच वायर जाणार असेल तर त्याच एका वायरवर ऐकून बघा, कारण स्टिरिओ पियानो एका वायरीत पातळ होऊ शकतो. जमलं की मेमरीत साठवा. मास्टर व्हॉल्यूमला मग हात लावायचा तो फक्त जागा बदलल्यावर.

आणि शेवटची तपासणी गाणाऱ्याला उभं करूनच. एक अभंग म्हणायला लावा, स्वतः आवाज बदलत वाजवा, आणि मंडपाच्या मागच्या टोकाला कुणाला तरी बसवा. त्याला प्रत्येक शब्द कळला, तर तुमचं काम झालं.

भेटूया पुढच्या भागात. तुमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी जाऊन कीबोर्ड कधी आला, ते आम्हाला नक्की कळवा.