घरसामान वाहतूक आणि ग्राहकसंरक्षण (सातारा व सांगली जिल्हे)

घरसामान वाहतूक : भाडे घेऊन एखाद्या कुटुंबाचे वापरातील सामान बांधणे, गाडीत चढवणे, दुसऱ्या गावी नेऊन उतरवणे आणि ठरले असल्यास पुन्हा जोडून देणे, असा एकत्रित व्यवसाय, व्यवहारात ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावाने परिचित. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा नाही. ग्राहकाचे हक्क रस्ता मालवाहतूक अधिनियम (२००७), ग्राहक संरक्षण अधिनियम (२०१९), भारतीय करार अधिनियम (१८७२), मोटार वाहन अधिनियम (१९८८) आणि भारतीय न्याय संहिता (२०२३) यांत विखुरलेले आहेत. प्रस्तुत नोंदीची भूमिका अशी की, ग्राहकाला येथे कायदा कमी पडत नाही. कमी पडतो तो सामान गाडीत चढण्यापूर्वी तयार व्हायला हवा असलेला कागद. भरपाईची सारी भिस्त कायद्याने त्या कागदावर ठेवली आहे, आणि तो तयार झाला की नाही हे पाहणारे मात्र कोणी नाही.

पार्श्वभूमी : सांगली जिल्हा १९४९ मध्ये साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेली संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला, सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. दोन्ही जिल्ह्यांत घर हलवणे हा नोकरी-धंद्याचाच एक भाग आहे. साताऱ्यात मुख्यालय असलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या (स्थापना १९१९) शिक्षकांच्या बदल्या जिल्ह्याबाहेरही होतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतील सैनिक-कुटुंबांना दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते. खानापूर-आटपाडी भागातील सोने-चांदी गलाई करणारी कुटुंबे दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत अनेक शहरांत स्थिरावली आहेत, आणि त्यांचे सामान विट्याहून परराज्यात व परराज्यातून विट्याला जाते. पुणे-बंगळूर महामार्गामुळे गाड्यांची वाण नाही. परतीच्या रिकाम्या गाडीत ‘पार्ट लोड’ म्हणून घरसामान टाकण्याची रीत त्यामुळेच रुजली.

वाहतूकदाराचे दायित्व : १८६५ चा वाहक अधिनियम रद्द होऊन २००७ चा अधिनियम १ मार्च २०११ पासून लागू झाला. दोन्हींचा मूळ विचार एकच. सर्वांसाठी खुलेपणाने माल वाहणारा हा मालाचा जणू विमेकरीच असतो. माल हरवला किंवा फुटला तर त्याची हयगय सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर नसतो. सर्वोच्च न्यायालयाने पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा (२०००) या निकालात हे तत्त्व ग्राहक मंचांपुढील तक्रारींनाही लागू केले. येथवर ग्राहकाची बाजू भक्कम आहे. मात्र या अधिनियमाखालील २०११ च्या नियमांनी भरपाईला मर्यादा घातली : दिलेल्या किंवा देय भाड्याच्या दहापट, आणि तीही पाठवणीपत्रात जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक नाही. अधिक भरपाई हवी असेल, तर ग्राहकाने आधीच वाढीव जोखीम-दर कबूल करायला हवा. सांगलीच्या बाजारातून निघणाऱ्या हळदीला ही रचना चपखल बसते. पोत्यांची संख्या आणि वजन बिल्टीवर (मालपावतीवर) असते, त्या दिवसाचा भाव सौद्यात ठरलेला असतो, आणि व्यापारी व हुंडेकरी दोघांनाही बिल्टीचे मोल ठाऊक असते. घरसामानाला वजन नसते, बाजारभाव नसतो, आणि ते पाठवणारा माणूस हा व्यवहार आयुष्यात तीन-चार वेळा करतो. हळदीसाठी बेतलेला कागद त्याच्या हाती आला तरी त्यावर ‘वापरलेले घरसामान, एक गाडी’ एवढेच लिहिलेले असते. कपाट, फ्रिज, शिलाई मशीन यांची किंमत जाहीरच झालेली नसल्याने पुढचा सगळा वाद अंदाजावर जातो.

या मर्यादेतील एका खाचेकडे फारसे लक्ष गेलेले नाही. दहापट कशाची, तर भाड्याची. समजा, एकूण ठरलेली रक्कम ३०,००० रुपये आहे. पावतीवर हा आकडा भाडे म्हणून एकत्र लिहिला, तर कमाल मर्यादा ३ लाख होते. त्याच रकमेची बांधणी १२,०००, हमाली ६,००० आणि भाडे १२,००० अशी फोड केली, तर वाहतूकदार मर्यादा १ लाख २० हजारच असल्याचे म्हणू शकतो. ग्राहकाने मोजलेले पैसे तेवढेच आहेत. बदलला तो पावतीचा रकाना. घरसामानाच्या बाबतीत बांधणी आणि वाहणी ही एकच सेवा असल्याने संपूर्ण मोबदला भाडे समजावा, असा अर्थ लावणे न्याय्य ठरेल. कारण फुटलेल्या काचसामानात दोष बांधणीचा की रस्त्याचा, हे ग्राहकाने कसे सांगावे? नियमांत तशी स्पष्ट तरतूद होईपर्यंत एकत्रित रक्कम असलेली पावती मागणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

‘विमा’ या शीर्षाखाली सामानाच्या किमतीवर काही टक्के रक्कम आकारली जाते, तिचेही तसेच. विमा देण्याचा अधिकार फक्त विमा प्राधिकरणाकडे नोंदलेल्या कंपन्यांना आहे. पॉलिसी क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव नसेल, तर ती रक्कम विम्याचा हप्ता ठरत नाही. मात्र ती निरर्थकही ठरू नये. किमतीवर टक्केवारी घेणाऱ्या वाहतूकदाराला किंमत माहीत होती, आणि त्याने जोखमीचा जादा मोबदला घेतला. ही रक्कम कायद्यातील वाढीव जोखीम-दरच मानून दहापटीची मर्यादा गैरलागू ठरवावी, असा युक्तिवाद ग्राहकाला करता येतो आणि तो तर्काला धरून आहे. याच्या विरोधात भारती निटिंग विरुद्ध डीएचएल (१९९६) हा निकाल पुढे केला जातो; सही केलेल्या कुरिअर-पावतीवरील दायित्वमर्यादा त्यात मान्य झाली होती. तो निकाल १९८६ च्या ग्राहक कायद्याखालचा आहे. २०१९ च्या कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली, पण एकतर्फी अट केवळ त्या कारणाने रद्द करण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय ग्राहक आयोगांना दिला, जिल्हा आयोगाला नाही. मालक-जोखमीवर माल नेत असल्याचा छापील शिक्का जिल्हा पातळीवर अजून वजन राखून आहे, तो यामुळे.

दलाल : ग्राहक ज्याच्याशी दर ठरवतो, ज्याला टोकन देतो आणि ज्याची गाडी दाराशी येते, ते तिघे वेगवेगळे असण्याची शक्यता या व्यवसायात मोठी आहे. दलाल कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, हा समज चुकीचा आहे. २००७ च्या अधिनियमातील व्याख्येत माल-नोंदणी कंपनी, कंत्राटदार, अभिकर्ता आणि दलाल यांचा नावानिशी समावेश आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ९३ मालवाहतुकीच्या अभिकर्त्यांना परवाना बंधनकारक करते. २००७ च्या अधिनियमाखालील नोंदणी परिवहन प्राधिकरणाकडे करायची असून ती दहा वर्षे वैध असते. नोंदणीविना धंदा केल्यास पहिल्या गुन्ह्याला ५,००० आणि पुढील गुन्ह्यांना १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. एका बिऱ्हाडाच्या भाड्यापेक्षाही कमी असलेल्या या दंडाने कोणाला जरब बसावी? जाहिरातीत या नोंदणीऐवजी ‘आयबीए मान्यताप्राप्त’ असे शब्द झळकतात. भारतीय बँक संघाची (आयबीए) वाहतूकदारांची यादी बँकांना मालपावत्यांवर कर्जव्यवहार करताना उपयोगी पडावी म्हणून असते. ती घरसामान सुखरूप पोहोचण्याची हमी नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे अशा दाव्यांना लागू करता येतील. चौकश्या गोळा करून दलालांना पुरवणारी संकेतस्थळे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांखाली ‘बाजारपेठ’ ठरतात का, याबाबत मतभेद आहेत.

अडवून धरलेले सामान : गाडी नव्या घराशी आल्यावर वाढीव रक्कम मागणे आणि ती मिळेपर्यंत सामान न उतरवणे, ही या व्यवसायातील सर्वांत जाचक प्रथा. तिच्या समर्थनार्थ वाहतूकदाराचा धारणाधिकार सांगितला जातो. तो आहे, पण मर्यादित आहे : त्याच मालाच्या, ठरलेल्या भाड्यापुरता. करार अधिनियमाच्या कलम १७१ मधील व्यापक धारणाधिकार बँकर, अडते, धक्केवाले, वकील आणि विमापत्र-दलाल यांना आहे. त्या यादीत वाहतूकदार नाही. ‘सामान जास्त निघाले’, ‘तिसरा मजला निघाला’ या कारणांनी मागितलेली, आधी न ठरलेली रक्कम ठरलेले भाडे होत नाही. करांच्या नावाने होणारी मागणी तर बहुधा निराधार असते. जकात वस्तू व सेवा करानंतर, १ जुलै २०१७ पासून, राज्यात उरली नाही, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. मात्र ठरलेले भाडे किती, हे दाखवायला पुन्हा कागदच लागतो. कचेरीत प्रवासभत्त्यासाठी सादर करायचे बिल एक आणि प्रत्यक्ष व्यवहार दुसरा, अशी दुहेरी कागदपत्रे करणारा ग्राहक स्वतःचा पुरावा स्वतःच कमकुवत करतो, हेही नोंदवले पाहिजे.

तुलनेसाठी पाहता, अमेरिकेत आंतरराज्य घरसामान वाहतुकीसाठी वेगळे संघीय नियम आहेत. दिलेला खर्चाचा अंदाज बंधनकारक स्वरूपाचा नसेल, तर उतरवतेवेळी अंदाजाच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, उरलेली नंतर. लेखी अंदाज आणि हक्कांची पुस्तिका देणे तेथे वाहतूकदाराचे कर्तव्य आहे. भरपाईचा किमान दर मात्र पौंडाला ६० सेंट, म्हणजे भारतीय मर्यादेहूनही तुटपुंजा असू शकतो. घेण्याजोगा आहे तो ११० टक्क्यांचा नियम.

महापूर : दायित्वाला असलेल्या अपवादांत दैवी आपत्ती येते, आणि कृष्णाकाठी हा अपवाद पुस्तकी नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, आणि महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद होता. पुरात सापडलेल्या सामानाला अपवाद सरसकट लावणे योग्य नाही. कोयना धरणातील विसर्ग आणि नदीची पातळी आधी जाहीर होत असते. इशारा निघाल्यावर निघालेल्या गाडीच्या बाबतीत आपत्ती टाळता येण्याजोगी होती का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

हमाली : सामानाची चढउतार करणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम (१९६९) आहे.

आक्षेप : लिखापढीची सक्ती केली तर एक टेम्पो असलेला माणूस भरडला जाईल, असे म्हटले जाते. हा आक्षेप गंभीर आहे, कारण दोन्ही जिल्ह्यांत गावातल्या गावात घर हलवणारे बहुतेक असेच आहेत. पण संपूर्ण गाडी भाड्याने देणारा, निवडून गिऱ्हाईक घेणारा टेम्पोमालक ‘सर्वांसाठी खुला वाहतूकदार’ ठरेलच असे नाही. त्याच्यावर करार अधिनियमाच्या कलम १५१ प्रमाणे वाजवी काळजीचे कर्तव्य राहते, तेवढे पुरेसे आहे. सक्ती हवी ती स्वतःच्या नावावर बुकिंग आणि आगाऊ रक्कम घेणाऱ्यावर. वस्तूंची किंमतवार यादी, एकत्रित दर आणि गाडीमालकाचे नाव, एवढा एक पानाचा मजकूर मोबाइलवरही तयार होतो. दुसरा आक्षेप ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा. तो काही अंशी खरा आहे. पण क्वचित गिऱ्हाईक होणाऱ्याकडून रोज धंदा करणाऱ्याइतक्या जाणतेपणाची अपेक्षा ठेवायची, तर ग्राहक संरक्षणाचा कायदा करण्याचे कारणच उरत नाही.

दाद : अधिकारक्षेत्र मोबदल्यावरून ठरते, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख असल्याने घरसामानाच्या तक्रारी सातारा किंवा सांगली येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगातच सुरू होतात. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो तेथे तक्रार करण्याची मुभा दिली. ज्याने नुकतेच गाव बदलले, त्याला या सुधारणेचे मोल सर्वाधिक आहे, आणि पावतीवरील ‘फक्त मुंबई न्यायक्षेत्र’ ही ओळ तिला रोखू शकत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षे. पण २००७ च्या अधिनियमाप्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या दिवसापासून १८० दिवसांत वाहतूकदाराला पोहोचली पाहिजे. सामान मधल्या काळात गोदामात ठेवले असले तरी मोजणी बुकिंगपासूनच होते, म्हणून दोन वर्षांच्या भरवशावर थांबणारा ग्राहक अडचणीत येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आगाऊ रक्कम ऑनलाइन घेऊन दलाल नाहीसा झाल्यास सायबर हेल्पलाइन १९३०. वाहतूकदाराने सोपवलेला माल हडप केल्यास न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. हा दिवाणी वाद असल्याचे सांगून पोलीस ठाण्यातून परत पाठवले गेल्यास या कलमाचा लेखी उल्लेख करून तक्रार द्यावी, आणि घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेण्याची मागणी करावी.