सातारा : पायी उलगडणारी राजधानी

जपानमधील क्योटो हे शहर 794 पासून हजारांहून अधिक वर्षे त्या देशाची राजधानी होते. पाठीवर पिशवी बांधून निघालेले भटके या शहराच्या प्रेमात पडतात, याचे एक कारण म्हणजे ते पायी पाहावे लागते. देवळे, कालव्याकाठच्या वाटा आणि जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या यांची ओळख वाहनाच्या खिडकीतून होत नाही. मराठी मुलखातही पावलांनी उलगडत जाणारी अशीच एक जुनी राजधानी आहे. ती म्हणजे सातारा. पूर्वेकडून, कोरेगावच्या बाजूने तिच्याकडे येणारी वाट इतिहासाने विशेष समृद्ध आहे.

कोरेगावहून प्रस्थान

कोरेगाव हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पुणे जिल्ह्यातील भीमा कोरेगावशी त्याची गल्लत करू नये. वसना नदीच्या परिसरात वसलेले हे गाव सातारा-पंढरपूर रस्त्यावर, साताऱ्यापासून सुमारे 18 किलोमीटरवर आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरील कोरेगाव आणि सातारा ही स्थानके शेजारची. सातारा स्थानक मात्र शहरात नसून माहुलीजवळ आहे. घाईच्या प्रवाशाला ही गैरसोय वाटते; भटक्याच्या मात्र ती पथ्यावरच पडते, कारण त्याची खरी वाटचाल तेथूनच सुरू होते.

माहुलीचा संगम

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा या नद्या एकमेकींना मिळतात. संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधी यांनी सुमारे 1735 मध्ये बांधले. समोरच्या तीरावरील क्षेत्र माहुलीत रामेश्वराचे मंदिर आहे. काळ्या दगडाचे घाट, दीपमाळा आणि नदीचे संथ पात्र पाहताना येथे तासभर कसा सरतो ते कळत नाही.

माहुली ही राजघराण्याची स्मशानभूमी. थोरले शाहू महाराज, महाराणी येसूबाई आणि महाराणी ताराबाई यांच्या समाध्या याच परिसरात आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधीही येथे दाखवली जाते. निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे याच गावचे. दुसरे बाजीराव पेशवे आणि सर जॉन माल्कम यांची भेट 1817 मध्ये माहुलीतच झाली. त्यानंतर काही महिन्यांतच पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले.

किल्ला आणि पेठा

माहुलीहून शहराकडे चालू लागले की अजिंक्यतारा समोर येतो. शिवाजी महाराजांनी हा किल्ला 1673 मध्ये स्वराज्यात आणला. औरंगजेबाच्या फौजेने डिसेंबर 1699 मध्ये त्याला वेढा घातला आणि एप्रिल 1700 मध्ये तो मोगलांच्या हाती गेला. त्यांनी त्याचे नाव 'आझमतारा' ठेवले. मराठ्यांनी तो पुन्हा जिंकला तेव्हा तो 'अजिंक्यतारा' झाला. 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसवले. तेच आजचे सातारा.

मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा या पेठांतून हिंडताना जुन्या नगररचनेची कल्पना येते. पेठांमधील तळी पाहत राजवाड्याच्या चौकात यावे. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतला. इंग्रजांनी त्यांना 1839 मध्ये पदच्युत केले आणि 1847 मध्ये काशीला त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी संस्थान खालसा झाले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बालक भीमराव आंबेडकर यांचे नाव याच शहरातील सरकारी शाळेत दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह महाराजांच्या नावाने ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो.

सवड असल्यास दुसरा दिवस लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीसाठी ठेवावा. शाहूकाळातील या विहिरीच्या पोटातच महाल बांधलेला आहे.

प्रेम आणि जतन

जुने शहर केवळ कौतुकाने टिकत नाही. क्योटोतील सतरा वास्तू आणि स्थळांना 1994 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरीही 'माचिया' नावाची जुनी लाकडी घरे पाडली जात राहिली. अखेर 2007 मध्ये तेथील नगरपालिकेने शहराच्या मध्यभागातील इमारतींची कमाल उंची 45 मीटरवरून 31 मीटरवर आणली आणि छतावरील जाहिरातफलकांना बंदी केली. डोंगररांगांचे दर्शन झाकले जाऊ नये, हाही त्यामागचा एक हेतू होता.

साताऱ्यापुढचा प्रश्न वेगळा नाही. दुरुस्तीचा खर्च आणि वाटणीचे वाद यांमुळे जुना वाडा राखण्यापेक्षा पाडणे मालकाला सोपे जाते. नदीकाठच्या समाध्यांना पूर आणि गाळ सोसावा लागतो. अशा वास्तूंना पाहुण्यांच्या कौतुकापेक्षा गावकऱ्यांच्या पाळतीची गरज अधिक असते. पायी फिरणाऱ्याला ढासळलेला चिरा दिसतो, मोटारीतून जाणाऱ्याला तो दिसत नाही.

भटक्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात संगमावरील घाट पाण्याखाली जाऊ शकतात. तेव्हा पात्रात उतरू नये. कोरेगाव ते माहुली हा रस्ता वर्दळीचा असल्याने तेवढे अंतर रेल्वेने किंवा एसटीने कापावे आणि पुढे चालावे. किल्ला सकाळी लवकर चढावा. पाणी सोबत असावे. परतताना कंदी पेढ्यांसाठी पिशवीत थोडी जागा राखावी.