न्गोरोंगोरो विवरातील वन्यजीव

टांझानियाच्या उत्तर भागात, सु. २० ते ३० लक्ष वर्षांपूर्वी एका प्रचंड ज्वालामुखीचा माथा आत खचून निर्माण झालेल्या न्गोरोंगोरो विवराच्या सु. २६० चौ. किमी. तळावर वास करणारा प्राणिसमुदाय. १९५९ साली हा मुलूख सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून वेगळा काढून मासाई पशुपालकांचे हितसंबंध आणि वन्य प्राण्यांचे रक्षण या दोहोंचा भार एकाच कारभाराकडे सोपविण्यात आला. १९७९ पासून त्याची गणना जागतिक वारसास्थळांत होते.

सभोवतालचे कडे सु. ६०० मी. उंचीचे असले, तरी ते जनावरांची वाट सर्वस्वी अडवीत नाहीत. परंतु तळावरील गवत व झऱ्यांचे पाणी वर्षभर पुरत असल्यामुळे नू आणि झेब्रा यांचे बहुतेक कळप, सेरेंगेटीतील आपल्या भाईबंदांप्रमाणे दूरच्या स्थलांतरास न निघता, येथेच राहतात. जिराफ मात्र तळावर आढळत नाही. हत्ती दिसतात ते बहुधा प्रौढ, लांब सुळ्यांचे नर, लेराईच्या पिवळ्या सालीच्या बाभूळवनात किंवा दलदलीच्या काठी.

प्रवाशाची नजर साहजिकच सिंहाकडे वळते. तथापि ज्या प्राण्यामुळे या विवरास प्राणिशास्त्रात अढळ स्थान लाभले, तो ठिपकेदार तरस होय. हान्स क्रूक या संशोधकाने १९६० नंतरच्या दशकात रात्ररात्र जागून केलेल्या निरीक्षणांवरून असे सिद्ध केले, की येथील तरस आपले बहुतांश अन्न स्वतः शिकार करूनच मिळवितो. आणि सकाळच्या उजेडात मृत नूवर ठाण मांडून बसलेला सिंह व भोवती ताटकळणारे तरस पाहून शिकारी कोण आणि उपटसुंभ कोण, याचा जो निवाडा आपण तत्काळ करून मोकळे होतो, तो पुष्कळदा नेमका उलटा असतो. माद्यांचे वर्चस्व असलेल्या या टोळ्यांत कित्येकदा पन्नासाहून अधिक जनावरे असतात व आपापल्या इलाख्याच्या सीमा ती गंधखुणांनी आखून त्वेषाने राखतात. ज्याची सर्वत्र हेटाळणीच झाली, अशा या प्राण्याला पाहण्यासाठी प्रवाशाने एक सकाळ अवश्य राखून ठेवावी.

सिंहांचा इतिहास करुण आहे. १९६२ साली अतिवृष्टीनंतर चावऱ्या माश्यांचा असा प्रादुर्भाव झाला, की त्यांची संख्या जेमतेम दहाच्या आसपास उरली. पुढचे कळप मोजक्याच पूर्वजांपासून वाढल्यामुळे त्यांच्यात आंतरप्रजननाचे दोष आढळतात.

मगदी या खाऱ्या सरोवरावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गवताळ भागात तुरेवाला करडा क्रौंच, तसेच सोलापूरच्या माळावर आज दुर्मिळ झालेल्या माळढोकाच्याच प्रजातीतील कोरी हा भारदस्त पक्षी आढळतो.

काळा गेंडा १९६५ च्या सुमारास येथे शंभराहून अधिक संख्येने नोंदला गेला होता. शिंगाच्या लोभाने चोरट्या शिकाऱ्यांनी त्याचा भयंकर संहार केला. कडक पहाऱ्यामुळे त्याचा वंश टिकून आहे, आणि वाहनांना ठरलेला रस्ता सोडण्यास मनाई असल्याने तो बहुधा दुरून, दुर्बिणीतूनच पाहावा लागतो.