मोठा दिवा : आई कीं बाप ?

इ. स. १९८६ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील डॅलस शहरीं संगणक-चित्रविद्येच्या तज्ज्ञांच्या ‘सिग्राफ’ परिषदेंत जॉन लॅसेटर यांचा ‘लक्झो ज्युनिअर’ हा अवघा दोन मिनिटांचा पट दाखविण्यांत आला. पात्रें दोन : टेबलावरचा मोठा दिवा व त्याचें चेंडू फोडून खजील होणारें पिलूं. त्यांस ना डोळे, ना तोंड ! तरीहि पट संपण्यापूर्वींच टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर जिम ब्लिन हे या शास्त्रांतील जाणते गृहस्थ लॅसेटरांकडे येऊं लागले. आतां हे छायांचें गणित विचारणार, म्हणून लॅसेटर धास्तावले. (हलत्या दिव्यांच्या छाया परस्परांवर पाडणें हीच त्या पटाची तांत्रिक करामत होती.) ब्लिन यांनीं विचारलें एवढेंच : मोठा दिवा आई कीं बाप ? आमच्या मतें त्या पटास याहून थोर पावती मिळालेली नाहीं. १९८७ सालीं ऑस्करचें नामांकन मिळालें. पारितोषिक मात्र दुसऱ्याच पटास गेलें.